निष्ठा की सामानाचं ओझं? फोन बदलण्याचा एक छोटा इतिहास

आजचा विषय घरगुती वाटेल. फोन बदलण्याला कसला आलाय इतिहास, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंही असेल. पण एक फरक आधी स्पष्ट करू. त्याच कंपनीचा, त्याच पद्धतीने चालणारा नवा फोन घेणं म्हणजे त्याच वाड्यात खालच्या खोलीतून माडीवर जाणं. आज आपण बोलणार आहोत ते वाडाच सोडून जाण्याबद्दल. वर्षानुवर्षं एका प्रणालीवर राहिलेला माणूस एके दिवशी दुसरीकडे जातो, तेव्हा तो बरोबर काय नेतो, मागे काय राहतं, आणि इतकी वर्षं तो गेला का नव्हता? या तिसऱ्या प्रश्नाला आपण चटकन 'निष्ठा' असं उत्तर देतो. ते उत्तर थोडं तपासून बघू.

सुरुवात नोकियापासून करावी लागेल. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला. भारतातला तो पहिला मोबाइल कॉल, आणि तो नोकियाच्या फोनवरून झाला. १९९८ पासून पुढची चौदा वर्षं ही फिनलंडची कंपनी मोबाइल विकण्यात जगात पहिली होती. २००३ साली तिचा ११०० हा फोन आला. त्याला बॅटरी होती, म्हणजे उजेडाची. बटणांवर धूळ आत जाणार नाही असं आवरण होतं. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातल्या खेड्यांत हा फोन का चालला, हे वेगळं सांगायला नको. जगभरात पंचवीस कोटींहून जास्त नग विकले गेले.

त्या काळी घराघरात एक मजेशीर गोष्ट दिसायची. चार माणसांचे चार फोन, पण भिंतीवर बारीक पिनचा चार्जर एकच. पाहुणे आले तरी त्यांनाही तोच चालायचा. मेन्यू सगळ्यांचा सारखा, त्यामुळे आजोबांना काही अडलं तर शेजारचा मुलगा डोळे मिटून दाखवायचा. साध्या फोनवर मराठीत संदेश लिहिता येत होता. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावत आणि देवनागरीत फक्त ७०, म्हणून पैसे वाचवायला बरेच जण मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहीत. हा भाग वेगळा. सांगायचं ते हे, की लोक ज्याला 'आम्ही नोकियावाले' म्हणत, त्यात यंत्रावरचं प्रेम थोडं होतं. चार्जर, सवय आणि शेजारचा मुलगा यांचा वाटा मोठा होता.

नोकियाच्या महागड्या फोनांत सिम्बियन नावाची प्रणाली होती. सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी १९९८ साली मिळून सिम्बियन ही कंपनी काढली. एन-७०, एन-७३, एन-९५ हे फोन ज्यांनी वापरले असतील त्यांना आठवेल, ईमेल, नकाशे, चांगला कॅमेरा, हे सगळं आयफोनच्या आधी होतं. पण सिम्बियनचा पिंड बटणांचा. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला, तो बोटांनी चालवायचा. ऑगस्ट २००८ मध्ये तो भारतात आला. त्याच वर्षी अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन विकायला आला. तरीही २०१० साली जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनपैकी एक तृतीयांशाहून अधिक सिम्बियनवरच चालत होते. हा आकडा लक्षात ठेवा. घर भरलेलं दिसत होतं.

मग आला फेब्रुवारी २०११. नोकियाचे नवे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना एक पत्र लिहिलं आणि ते बाहेर फुटलं. समुद्रातल्या तेलविहिरीचा फलाट पेटलाय, उभं राहिलं तर जळणार, उडी मारली तर गार पाण्यात पडणार, अशी उपमा त्यात होती. थोड्याच दिवसांत जाहीर झालं, की नोकिया सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली घेणार. गंमत बघा, पेटल्याची दवंडी फेब्रुवारीत दिली आणि नवी होडी, म्हणजे पहिला ल्युमिया, वर्षाच्या शेवटी पाण्यात आली. मधल्या महिन्यांत दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाने काय घ्यायचं? बुडणार असं मालकानेच सांगितलेला फोन?

आणि निष्ठावंतांचं काय झालं? नोकियावर विश्वास ठेवून काहींनी २०११ च्या अखेरीस ल्युमिया घेतला. जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की पुढची आवृत्ती, विंडोज फोन ८, आत्ताच्या कुठल्याही फोनवर चालणार नाही. म्हणजे ज्यांनी निष्ठेने वाडा बदलला, त्यांचं नवं घरही वर्षभरात जुनं झालं. १ जानेवारी २०१४ पासून नोकियाच्या दुकानात सिम्बियनसाठी नवी ॲप स्वीकारणं बंद झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. तमिळनाडूतला श्रीपेरुंबुदूरचा कारखाना करविवादामुळे त्या व्यवहाराच्या बाहेर राहिला आणि नोव्हेंबरमध्ये बंद पडला. प्रणाली बदलते तेव्हा गिऱ्हाइकाचा फोन जातो आणि कामगाराची नोकरी जाते, हेही त्याच इतिहासात लिहायला हवं.

आता ब्लॅकबेरीकडे वळू, कारण तिथे बांधून ठेवण्याची रीत वेगळी होती. ब्लॅकबेरीची स्वतःची संदेशसेवा होती, बीबीएम. २००५ साली ती सुरू झाली आणि ती फक्त ब्लॅकबेरीवाल्यांमध्येच चाले. ओळखीच्या दहा जणांकडे ब्लॅकबेरी असला, की अकराव्यालाही तोच घ्यावा लागे. आणि त्या अकरांतल्या एकाला सोडून जायचं असेल, तर त्याला नुसता फोन सोडून भागत नसे, दहा माणसं सोडावी लागत. याला कुणी निष्ठा म्हणेल का? गावकी म्हणा हवं तर.

ही गावकी कशाने मोडली? व्हॉट्सॲपने. २००९ मध्ये निघालेलं हे ॲप सुरुवातीच्या काही वर्षांतच आयफोन, अँड्रॉइड, ब्लॅकबेरी, सिम्बियन, अगदी नोकियाच्या काही साध्या फोनांवरही चालू लागलं. समोरच्याकडे कुठला फोन आहे हे विचारायची गरज संपली. ब्लॅकबेरीने ऑक्टोबर २०१३ मध्ये बीबीएम इतर फोनांना खुलं केलं खरं, पण तोवर मंडळी निघून गेली होती. पुढे ३० जून २०१७ नंतर व्हॉट्सॲपने सिम्बियनचा आधार काढून घेतला, त्याच वर्षाअखेरीस ब्लॅकबेरीचा, आणि २०१९ च्या अखेरीस विंडोज फोनचा. ज्या ॲपने दार उघडलं, त्यानेच शेवटी मागे राहिलेल्यांना बाहेर काढलं. आपल्याकडचे कितीतरी ज्येष्ठ लोक स्वतःच्या इच्छेने अँड्रॉइडवर आलेले नाहीत; कुटुंबाचा ग्रुप दिसेनासा झाला, म्हणून आले.

इथे आमच्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे 'सामान' हा शब्द आम्ही का वापरतोय ते कळेल. २०१३ च्या दिवाळीत आम्ही घरातल्या सगळ्यांनी एकदम फोन बदलले. कुठल्या कंपनीचे सोडले आणि कुठल्या घेतले, याला महत्त्व नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, नंबर सगळे सिमवर टाकून देतो, काळजी करू नका." आम्ही खूश. पण सिमवर साधारण अडीचशे नावं मावतात, नाव मोठं असेल तर तुटतं, आणि एका नावापुढे एकच नंबर राहतो. बाबांच्या वहीत, म्हणजे फोनच्या वहीत, चारशेच्या वर नावं होती. रात्री ते यादी बघत बसले, तेव्हा अर्धं आडनाव असलेली माणसं दिसू लागली आणि काही दिसेचनात. ती मिळवली हळूहळू, लग्नकार्यात विचारून विचारून.

संदेश मात्र कुणी हलवलेच नाहीत. कारण ते हलवायचे असतात, हे आम्ही सांगितलंच नव्हतं. त्यांत आत्याचे संदेश होते. ती रोज संध्याकाळी एक ओळ पाठवायची: "पोहोचलात का सगळे". पुढच्या वर्षी आत्या गेली. जुना फोन कपाटात आहे, बॅटरी फुगलेली. चूक आमचीच. पण आमच्यासारखी घरं किती असतील, याचा विचार मनात येतो.

आता तुलनेसाठी दुसरी एक गोष्ट बघा. २० जानेवारी २०११ पासून भारतभर एक सोय सुरू झाली: कंपनी बदला, नंबर तोच ठेवा. १९०० वर 'पोर्ट' असा संदेश पाठवायचा. त्याआधी नंबर कंपनीचा असायचा. कंपनी सोडली, की नंबर गेला, आणि नंबर गेला की दुकानाची पाटी, छापलेली कार्डं, बँकेतली नोंद, सगळं बदला. लोक वाईट सेवा सहन करत तिथेच राहायचे आणि कंपन्या त्याला गिऱ्हाइकाची निष्ठा म्हणायच्या. सुरुवातीला ही सोय एकाच विभागापुरती होती. मुंबई हा वेगळा विभाग आणि बाकीचा महाराष्ट्र व गोवा हा वेगळा. मुंबईहून पुण्याला राहायला गेलेल्याला आपला नंबर नेता येत नव्हता. जुलै २०१५ पासून तो देशभर कुठेही नेता येऊ लागला. हे कंपन्यांनी प्रेमाने दिलेलं नाही. नियम झाला म्हणून मिळालं.

नंबराचं सामान असं मोकळं झालं. बाकीच्या सामानाचं काय? २०११ मध्ये ॲपलने आयमेसेज आणलं. आयफोनवरून आयफोनवर संदेश थेट जाऊ लागले. पण ज्यांनी नंतर आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला, त्यांना जुन्या मित्रांचे संदेश मिळेनात. संदेश निघायचे आणि मधेच हरवायचे, कारण ॲपलच्या लेखी तो नंबर अजून आयफोनवालाच होता. नंबर त्या यादीतून काढायची सोय ॲपलने नोव्हेंबर २०१४ मध्ये दिली. २०२१ साली एपिक कंपनीने ॲपलवर लावलेल्या खटल्यात काही अंतर्गत ईमेल उघड झाले. आयमेसेज अँड्रॉइडवर आणलं, तर आयफोन असलेल्या घरांना मुलांसाठी अँड्रॉइड घेणं सोपं होईल, अशी चिंता त्यांत वरिष्ठांनी बोलून दाखवली होती. म्हणजे दार बंद आहे ते विसरून राहिलेलं नाही.

व्हॉट्सॲपचंही तसंच. आपण वर म्हटलं, की त्याने गावकी मोडली. पण आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यामध्ये जुनी संभाषणं न्यायची अधिकृत सोय यायला २०२१ आणि २०२२ साल उजाडलं, तीही एका दिशेने आधी आणि दुसऱ्या दिशेने नंतर. तोवर कोट्यवधी लोकांच्या आयुष्याची दहा-दहा वर्षं त्यात साठली होती. गाठ सुटली नव्हती, ती फोनवरून ॲपवर सरकली होती.

अर्थशास्त्रात याला बदलाचा खर्च म्हणतात. कार्ल शपिरो आणि हॅल व्हेरियन यांनी १९९० च्या दशकाअखेरीच्या आपल्या पुस्तकात तो सविस्तर मांडला. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत सांगायचं, तर गिऱ्हाईक आत येतं तेव्हा किंमत कमी वाटते, कारण बाहेर पडायची किंमत पाटीवर लिहिलेली नसते.

मग निष्ठा अशी गोष्टच नाही का? तसं आमचं म्हणणं नाही. बारा वर्षं एक वस्तू चांगली चालली, तर तिच्याबद्दल आपुलकी वाटतेच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण खरी निष्ठा कुठली, ते दार उघडं असतानाच कळतं. दार उघडं असूनही जो राहतो, तो निष्ठावान. दाराला कुलूप आहे म्हणून राहतो, त्याला दुसरा शब्द हवा.

युरोपीय संघाने २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकांना दिला. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तसा हक्क होता. २०२३ चा जो कायदा प्रत्यक्ष झाला, त्यात तो नाही. नंबर आपला झाला, त्या नंबरावर आलेले शब्द अजून पुरते आपले झालेले नाहीत. ही चर्चा वकिलांवर सोडून देण्यासारखी नाही, असं आम्हाला वाटतं.

तोवर आपल्या हातात काय? फोन घ्यायला जाल तेव्हा कॅमेरा किती, बॅटरी किती हे विचाराच. त्याबरोबर एवढंही विचारा: उद्या हा सोडायचा झाला, तर यातलं काय काय बाहेर निघेल? आणि घरात कुणाचा जुना फोन अजून सुरू होत असेल, तर आज रात्री त्यातले संदेश वहीत उतरवून काढा, नाहीतर समोर दुसरा फोन धरून फोटो घ्या. आम्ही दुकानाबाहेर पडताना खिशात नवा फोन होता आणि पिशवीत जुना. तेव्हा दोन्ही सुरू होते. अर्धा तास पुरला असता.