रमाबाईंचे दोन दुष्काळ

पंडिता रमाबाईंवरच्या लेखनात एक ठरावीक वाक्य भेटते: संकटात त्यांनी सारा भार देवावर टाकला. वाक्य खोटे नाही, पण ते फार लवकर संपते. भार टाकला म्हणजे बाईंनी नेमके काय केले, हे शोधायचे तर त्यांचे दोन दुष्काळ शेजारी ठेवून पाहावे लागतात.

पहिला १८७० च्या दशकातला, दक्षिणेतला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत कुटुंबासह तीर्थाटन करीत. हे दिवस रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहेत. गाठीचा पैसा दानधर्मात गेला, अनुष्ठाने आणि उपास झाले, देव पावेल म्हणून वाट पाहणे झाले. मोलमजुरी करायची तर आड आली ती जात, आणि भीक मागायची तर लाज. वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथे विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. पण जुन्या देवावरचा भरवसा वाटेतच सुटला होता.

दुसरा दुष्काळ १८९६-९७ चा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा झालेला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढून ते पुण्याला आणलेले. मुलींना ख्रिस्ती करतात या वादात १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले होते. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दिलेल्या मदतीच्या हमीची दहा वर्षे १८९८ साली भरणार होती. अशा वेळी मध्य प्रांतातून भूकबळींच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाई आधी कचरल्या. सदन पन्नासेक मुलींपुरते, नवी तोंडे कशाने भरायची? ही कचर त्यांनी लपवली नाही, आणि मला ती त्यांच्या श्रद्धेइतकीच महत्त्वाची वाटते. स्वतःचा पहिला दुष्काळ आठवला तेव्हा पाय उचलला. तीनशे मुली वाचवायच्या, असे ईश्वराने मनात घातले, असे त्या सांगतात.

मुली पुण्यात आल्या आणि मागोमाग प्लेग. गर्दीवर निर्बंध आले. मुलींना घेऊन दौंडच्या वाटेवरच्या केडगावला जाणे भाग पडले. तिथली सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. हेतू साधा होता: फळबाग लावायची, म्हणजे परदेशी पैसा आटला तरी सदन चालेल. देवावर विसंबणारी बाई आंब्या-संत्र्यांचा हिशेब करते, यात मला विसंगती दिसत नाही. प्लेगच्या बंदोबस्तात मुलींची जी आबाळ झाली, तिच्याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला, तरी बाई गप्प बसल्या नाहीत. सरकारशी भांडणे त्यांना श्रद्धेविरुद्ध वाटले नाही.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. म्यूलर यांनी अनाथालयासाठी माणसांकडे कधी मागितले नाही. मागितले ते प्रार्थनेत. रमाबाईंवर त्याचा ठसा आहे, पण नक्कल नाही. दुष्काळात काय पाहिले ते त्यांनी तपशीलवार लिहून परदेशी स्नेह्यांपुढे ठेवले. उपाशी मुलींचे ते वर्णन वाचून मदत येणार, हे त्यांना कळत नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

केडगावला १८९८ साली 'मुक्ती'ची पायाभरणी झाली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजाराच्या वर गेली. एवढ्यांचे दळण, पाणी, कपडे, दुखणी! विहिरी खणल्या गेल्या, माग आले, तेलघाणा आला, छापखाना आला. आंधळ्या बायकांसाठी बार्तीमी सदन, समाजाने टाकलेल्यांसाठी कृपा सदन. कन्या मनोरमा अंध मुलींना ब्रेल शिकवीत.

पहिल्या दुष्काळात देवाची वाट पाहताना हात बांधलेले होते, जातीने आणि रीतीने. दुसऱ्यात ते मोकळे होते. धर्मांतराबद्दल वाचकाचे मत काहीही असो, रमाबाईंच्या 'विश्वास' या शब्दात काम आधीच धरलेले आहे, एवढे तरी मान्य करावे लागते.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेल्या. वृद्ध, बहिऱ्या होत चाललेल्या आईने बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ते भाषांतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले; त्याचे खिळे तिथल्या बायकांनीच जुळवले होते.