कमान उचलून द्या

गाडी उंच करून घेणं ही थारवाल्या पोरांनी काढलेली टूम आहे, असं आमच्या परतवाड्यात आता कोणीही सांगतं. माझी उभी हयात कमानीच्या भट्टीवर गेली, म्हणून मला ते पटत नाही. वऱ्हाडात गाडी उचलायचं काम थारच्या आधीपासूनचं आहे, जीपच्याही आधीपासूनचं. फरक आहे तो एका गोष्टीत. आमच्याकडे येणारी गाडी आधी बसलेली असायची. इंजिनानं, रस्त्यानं, नाहीतर माणसांनी तिला खाली दाबलेलं असायचं. ती होती तिथं परत आणायची, आणि आठ दिवसांत पुन्हा दारात उभी राहू नये म्हणून बोटभर जास्त उचलायची, एवढंच ते काम.

सुरुवात मातीपासून करावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जातो. पावसात तीच माती चाकाला थरावर थर चिकटत जाते आणि चाक फिरेनासं होतं. बंडीचं चाक मोठं ठेवायचं ते यासाठी. चाक मोठं म्हणजे आस उंच. आस जमिनीला टेकत नाही तोवर बैल गाडी काढतात. एकदा टेकली की दोन जोड्या लावूनही निघत नाही. पाऊस सरला की दुसरा त्रास. ओल्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या वाळून टणक होतात आणि मधला वरंबा पुढल्या मृगापर्यंत तसाच राहतो. खामगाव-अकोल्याच्या जिनापर्यंत कापूस याच चाकोऱ्यांतून जायचा. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, अकोला अन् बडनेरा त्याच मार्गावर. पण शेतापासून स्टेशनापर्यंतची वाट काही बदलली नाही.

उत्तरेचा डोंगर वेगळा. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज गाविलगडावर आले तेव्हा जड तोफा उत्तरेच्या बाजूला न्यायला कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला आधी रस्ता तोडावा लागला. दऱ्याखोऱ्यांतून त्या तोफा बहुतेक वाट माणसांनी हातांनी ओढल्या. १५ डिसेंबरला गड पडला. घटांगचा घाट चढताना गाडीला शिव्या घालणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो.

माझे वडील टांग्याच्या कमानी बनवायचे. परतवाडा म्हणजे अचलपूर कॅम्प, मूळची लष्करी छावणी, तेव्हा घोडागाड्यांचा राबता इथं जुनाच. बंडीला कमान नसते, टांग्याला असते: पोलादाचे लहान-मोठे पाटे एकावर एक रचून मधे बोल्टानं आवळलेले. टांगे कमी होत गेले आणि जीप आली, तेव्हा वडिलांना नवं असं काही शिकावं लागलं नाही. जीपच्या चारही चाकांवर तीच कमान होती. पाटे तेवढे जाड.

जीप इकडे दोन वाटांनी आली. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या गाड्या ही एक वाट. दुसरी मुंबईची. १९४५ साली निघालेल्या महिंद्र अँड महंमद कंपनीचं नाव १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झालं, आणि त्याच सुमाराला माझगावला विलीस जीप जोडायचं काम सुरू झालं. पुढं सीजे-थ्री-बी आली. उंच इंजिन मावावं म्हणून तिचं बॉनेटच वर उचललेलं. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ मध्ये बंद पडलं, आपल्याकडे त्याची मुलं-नातवंडं कितीतरी वर्षं धावली. स्टिअरिंग डावीकडे, आणि मागच्या फळीवर ठळक अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह'.

लढाईतल्या जीपचं अमेरिकन सैन्याच्या कागदोपत्री नाव होतं पाव टनी ट्रक. रस्त्यावर ओझं साडेतीनशे किलोच्या आसपास न्यायचं. पोटाखाली मोकळी जागा पावणेनऊ इंच. टायर ६.००-१६, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला लागतो तोच, त्यामुळे वऱ्हाडात जीप टायरासाठी कधी अडून राहिली नाही. दोन चाकांमधलं अंतर मात्र आमच्या बंडीपेक्षा कमी. म्हणून एक चाक चाकोरीत आणि दुसरं वरंब्यावर, अशी ती तिरपी चालायची, आणि एका अंगाची कमान आधी बसायची. वनखात्याच्या गाड्या, वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांच्या गाड्या, निवडणूक लागली की भोंगा बांधलेल्या गाड्या, सगळ्यांचं दुखणं हेच. पाव टन हा आकडा तेवढा ध्यानात ठेवा.

कामाचा पहिला मोठा रेटा आला तो १९७३ च्या तेलटंचाईनंतर. जीप पेट्रोलवर चालायची आणि पेट्रोल परवडेनासं झालं. मग कोणी मॅटाडोरचं इंजिन उतरवून जीपमध्ये घातलं, कोणी पर्किन्सचं, कोणी चक्क ट्रॅक्टरचं. अकोल्याला असे मिस्त्री होते की बॉनेटमध्ये इंजिन मावत नसेल तर ते बॉनेट कापायचे, पण गिऱ्हाईक परत पाठवायचे नाहीत. डिझेल इंजिन जड. ते बसलं की गाडीचं नाक खाली जायचं, पुढचे पाटे सपाट व्हायचे, आणि प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल वरच्या रबरी गुटक्यावर आदळायचा. इंजिन बदलणाऱ्यानं पैसे घेतले, आता कमान तुम्ही पाहा, असं म्हणत मालक आमच्याकडे यायचा.

त्या कामाची रीत सांगतो, कारण ती करणारे हात आता फारसे उरले नाहीत. कमान उतरवायची, सेंटर बोल्ट काढून पाटे सुटे करायचे, घासून गंज काढायचा. मग एकेक पाटा भट्टीत लाल करून मापाच्या साच्यावर ठोकत वाकवायचा. डोळ्यात भरेल इतकी गोलाई द्यायची नाही. गाडीखाली गेल्यावर तो थोडा उतरणारच, ते धरून द्यायची. लाल पाटा विझवायचा तेलात. पाण्यात विझवला तर कडक होतो खरा, पण पहिल्याच नाल्यात कडाडून तुटतो. तेलातून काढला की पुन्हा आचेवर धरायचा, वरचं तेल आपोआप पेटून जळून जाईपर्यंत. त्यानं कडकपणा थोडा उतरतो आणि पाट्यात जीव येतो. वडिलांकडे ताप मोजायचं यंत्र नव्हतं. त्या तेलाची ज्योत हेच यंत्र.

तरी नाक उठलं नाही तर एक पाटा वाढवायचा. हा पाटा वाढवायचा धंदा खरा फोफावला तो काळीपिवळीच्या दिवसांत.

कमांडर, मार्शल, ट्रॅक्स. एसटी दिवसातून एकदा जाणार आणि तीही पावसात बंद होणार, अशा प्रत्येक वाटेवर नव्वदच्या दशकात या गाड्या होत्या. परतवाड्याहून धारणी, अकोटहून हिवरखेड, अंजनगावहून दर्यापूर. या गाड्या जुन्या जीपपेक्षा लांब, इंजिनही ताकदीचं, पण कमानीचा नकाशा तोच टांग्याचा. आत माणसं, मागच्या पायदानावर माणसं, टपावर पोती आणि पोत्यांवर पुन्हा माणसं. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला दाराबाहेर लोंबकळणारा एक गडी ठरलेला, त्यामुळे ड्रायव्हर स्वतःच सीटवर अर्धा असायचा. अठरा-वीस सवाऱ्या म्हणजे हजार किलोच्या वर. आता तो पाव टन आठवा.

संवाद ठरलेला असायचा.

"उस्ताद, मांगून बसून रायली गाडी. दोन पाटे टाकून द्या."

"सवाऱ्या किती बसवतं बे?"

"दहा."

"आतमधी दहा. अन् भाईर?"

तो हसायचा आणि आम्ही पाटे टाकायचो. पोलीस, आरटीओ, गावचा सरपंच, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती गाडी नसती तर हरिसालच्या पुढची बाळंतीण दवाखान्यापर्यंत पोचली नसती हेही ठाऊक होतं. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर झाली. त्याआधीही आणि नंतरही आजारी माणूस आत-बाहेर करायचा तो अशाच गाड्यांनी किंवा खाटेवर. म्हणून वाढीव पाट्यांबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दोष मात्र सांगतो. भरलेल्या गाडीला बेताची वाटणारी कमान रिकाम्या गाडीला लाकडागत ताठ असते. रिकामी काळीपिवळी घाट उतरताना मागून उडायची, ब्रेक मारला की मागची चाकं घसरायची. अपघात भरल्या गाडीचे गाजले. रिकाम्या गाडीचे ड्रायव्हरपुरते राहिले.

पाट्याला पैसे नसतील तर दुसरे उपाय होते. शॅकल, म्हणजे कमानीचं एक टोक गाडीला जोडणारा झुलता दुवा, लांब करणं सगळ्यांत स्वस्त. पण शॅकल दोन इंच लांबवलं की गाडी एकच इंच उठते, कारण कमानीचं दुसरं टोक जागच्या जागी असतं. पुढं केलं तर ॲक्सलचा कल बिघडतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकायला लागतं. मग कमान आणि ॲक्सलच्या मधे लोखंडी पाचर घालून कल परत आणायचा. मागच्या बाजूला ठोकळा घालणारेही होते, मी बाभळीचासुद्धा पाहिला आहे. मागं लोखंडी ठोकळा एकवेळ चालतो. पुढं कधीच नाही, कारण ब्रेक लागताना पुढचा ॲक्सल पिळवटतो आणि ठोकळा निसटायला बघतो.

सगळ्यांत धाडसी काम म्हणजे ॲक्सलखालची कमान ॲक्सलवर घेणं. जुन्या जीपमध्ये आणि मारुतीच्या जिप्सीत कमान ॲक्सलच्या खालून जाते. तिला वर घेतलं की गाडी एका फटक्यात चार-पाच इंच उठते. पाटे तेच, खर्च थोडा, रुबाब मोठा. पण ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, ब्रेकचे होज तोकडे पडतात, स्टिअरिंगची ड्रॅग लिंक तिरपी होते आणि खड्ड्यागणिक गाडी स्वतःच वळायला बघते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे क्रॉस एकामागून एक तुटतात. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला, पुढं पर्यटक आले, आणि १९८५ नंतर हळूहळू जिप्सी आली. हलकी, चारही बाजूंना कमानी, जंगलाला छान. तिला एवढं उचलायची गरज मला कधी दिसली नाही.

आणि या सगळ्या उचलाउचलीत लोकांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट आहे. कमान कितीही उचला, मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियलचा फुगीर गोळा सुतभरही वर येत नाही. तो चाकांवर तोललेला आहे, कमानीवर नाही. दगडाला तोच आधी लागतो. त्याला उचलतो तो फक्त मोठा टायर. कमान उचलायची ती त्या टायरला मडगार्डखाली घोळायला जागा व्हावी म्हणून. बंडी करणाऱ्या सुताराला हे कळत होतं. त्यानं चाकच मोठं केलं.

२०१० साली थार आली तिच्या पुढच्या बाजूला कमान नव्हती, टॉर्शन बार होता. २०२० च्या थारला कमान कुठंच नाही, सगळीकडे कॉइल स्प्रिंग. माझ्या भट्टीला तिच्यात काम नाही. पोरं स्पेसरची पाकिटं मागवतात आणि घरच्या अंगणात जॅक लावून बसवतात. बसवतातही नीट, तेवढं मानलं पाहिजे. मात्र ती गाडी कशानंही बसलेली नसते. कोरी गाडी, आत दोन माणसं, आणि वर दोन इंच. ती पळते ती बहुधा अमरावती-अकोला महामार्गावर. वर्षानुवर्षं आमच्याकडे तुटके पाटे धाडणारा तोच रस्ता. त्यावरच जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन गिनीज विक्रम झाला.

कायद्याचं ऐकायला कोणाला आवडत नाही, पण सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बसलेली कमान मूळ मापावर आणणं ही दुरुस्ती. त्यापलीकडे जे करायचं ते आधी आरटीओत विचारून करा.

जुनी सीजे किंवा एमएम-५४० अजून कोणाच्या गोठ्यात उभी असेल तर तिचे मूळ पाटे भंगारात घालू नका. तसं पोलाद पुन्हा तापवून बरीच वर्षं चालतं. आणि कमान मापायला गाडी रिकामी आणू नका. रोज जेवढी माणसं बसतात तेवढी बसवून आणा, टपावरचं पोतंसुद्धा.