शिकागोतील आपत्कालीन वैद्यक : एक शहर, चार वाटा

आपत्कालीन वैद्यक अर्थात इमर्जन्सी मेडिसीन या शाखेचे पहिले निवासी प्रशिक्षण अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९७० साली सुरू झाले. स्वतंत्र शाखा म्हणून तिला तेथे १९७९ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने ती २००९ मध्ये दिली. अमेरिकेत शिकू पाहणाऱ्या आपल्या डॉक्टरांना तेथील विद्यापीठे नावानिशी ठाऊक असतात. पण एकाच शहरातील प्रशिक्षणांमध्ये किती अंतर असते, याची कल्पना क्वचितच असते. शिकागो हे त्याचे ठळक उदाहरण होय.

कुक काउंटी हे तेथील सार्वजनिक रुग्णालय. आपल्या केईएमशी किंवा ससूनशी त्याचे नाते सहज जुळावे. १९६६ साली तेथे सुरू झालेला आघातविभाग अमेरिकेतील अगदी आरंभीच्या विभागांपैकी एक मानला जातो. २००२ मध्ये रुग्णालय नव्या इमारतीत गेले आणि जॉन स्ट्रोजर यांचे नाव त्याला मिळाले. विमा नसलेले रुग्ण येथे मोठ्या संख्येने येतात. प्रशिक्षण चार वर्षांचे. नॉर्थवेस्टर्नचेही चारच वर्षांचे. मात्र ते सरोवराकाठच्या सधन वस्तीतील खासगी रुग्णालय असल्याने वातावरण अगदी निराळे.

शिकागो विद्यापीठाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा राहिला आहे. निवासी डॉक्टर हेलिकॉप्टरमधून रुग्ण आणण्याच्या सेवेतही काम करतात. या रुग्णालयाने प्रौढांसाठीचे आघातकेंद्र १९८८ मध्ये बंद केले. त्यानंतर तीस वर्षे दक्षिण शिकागोतील गोळी लागलेल्या प्रौढ रुग्णांना मैलोगणती दूर न्यावे लागे. रहिवाशांच्या प्रदीर्घ आंदोलनानंतर मे २०१८ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झाले. शिकणाऱ्याच्या दृष्टीनेही हा बदल मोठा आहे. त्याआधीच्या माहितीवर विसंबून या अभ्यासक्रमाची पारख करू नये. इलिनॉय विद्यापीठाचे प्रशिक्षणही तीन वर्षांचे, पण ते अनेक रुग्णालयांत विभागलेले. विविधता भरपूर, धावपळही तितकीच.

तीन वर्षे की चार, हा प्रश्न अर्थातच पैशांचाही आहे : चौथे वर्ष म्हणजे पूर्ण वेतनाचे एक वर्ष गमावणे. सर्व अभ्यासक्रम चार वर्षांचे करण्याचा प्रस्ताव तेथील नियामक संस्थेने २०२५ मध्ये मांडला. तेव्हा अर्जापूर्वी आपल्या तुकडीला कोणता नियम लागू होईल, हे विचारून घ्यावे.

२०२३ च्या निवडप्रक्रियेत देशभरातील सुमारे तीन हजार जागांपैकी ५५४ प्रारंभी रिक्त राहिल्या, तेव्हा परदेशी पदवीधरांना दार उघडले असा समज झाला. तो घाईचा होता. अमेरिकेतील आपत्कालीन विभागात काम करून मिळवलेल्या ठरावीक नमुन्यातील शिफारसपत्रांना या शाखेत मोठे वजन असते, आणि तशी संधी बाहेरच्या उमेदवाराला सहजी मिळत नाही. व्हिसाचेही पाहावे. जे-१ व्हिसावर गेलेल्या डॉक्टरला प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा देऊन सूट मिळवावी लागते. एच-१बी व्हिसा देणारे अभ्यासक्रम मोजकेच असल्याने ही चौकशी शुल्क भरण्याआधीच करावी.