चंद्रभागेच्या पुढची भीमा

आपणा मराठी माणसांची भीमा बहुधा पंढरपुरातच संपते. भीमाशंकरच्या डोंगरात तिचे माहेर. पश्चिमेचा समुद्र जवळ असूनही ती पाठ फिरवून आग्नेयेकडे निघते. वाटेत इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा तिला मिळतात आणि पंढरीला चंद्रकोरीसारखे वळण घेऊन ती चंद्रभागा होते. आपण तेथे हात जोडतो आणि माघारी फिरतो. ८६१ किलोमीटरांच्या या नदीला मात्र अजून बरीच वाट चालायची असते.

पंढरपूरच्या खाली माचणूर-ब्रह्मपुरी लागते. १६९५ ते १६९९ पर्यंत औरंगजेबाची छावणी येथे होती. त्याने गावाला इस्लामपुरी हे नाव दिले. ते टिकले नाही. आणखी खाली, सीना जेथे भीमेला मिळते, त्या हत्तरसंग-कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. ज्ञानेश्वरीच्या पावणेतीनशे वर्षे आधी या काठी कोणी तरी मराठी अक्षरे कोरीत होते, हे मनात आले की मला त्या संगमाची थोरवी अधिकच वाटते.

पुढे कर्नाटक. अमरजा-संगमावरच्या गाणगापूरला आपले दत्तभक्त जातात, तेव्हा ते याच भीमेत स्नान करतात. त्याही खाली सन्नती. तेथील कालीमंदिराचे छत कोसळले आणि देवीच्या पीठाचा दगड म्हणजे सम्राट अशोकाचा शिलालेख असल्याचे उघड झाले. जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपात तर अशोकाची नाव कोरलेली प्रतिमा सापडली. मग रायचूरजवळ भीमा कृष्णेत मिसळते आणि तिच्यासवे पूर्वसमुद्र गाठते.

पंढरपूरच्या वर १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. जलाशय फार आटला की त्याचे शिखर दिसते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, सोलापूरची तहान भागली. हे उपकार कोण नाकारील? पण उन्हाळ्यात खालच्या पात्रात वाळू उघडी पडते आणि काठची गावे वरून पाणी कधी सुटते याची वाट पाहतात. नदी आपल्या गावापुरतीच ओळखली, की पुढच्या गावाची तहान आपल्याला दिसत नाही. म्हणून यंदा पंढरीला गेलात, तर पाण्यात उभे राहून क्षणभर खालच्या दिशेलाही पाहा. कुडलची ती हजार वर्षांपूर्वीची मराठी अक्षरे त्याच वाटेवर आहेत.