नोबल गोरामी : खलिशांच्या गर्दीत हरवणारा मासा

गोरामी म्हटले की शोभेच्या मत्स्यपेटीतील निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा चपटा मासा डोळ्यांसमोर येतो. त्याच कुळातील एक भारतीय मासा मात्र फार क्वचित दृष्टीस पडतो. त्याचे शास्त्रीय नाव क्टेनॉप्स नोबिलिस. चहाच्या लागवडीची पाहणी करणाऱ्या १८३५ च्या पथकाबरोबर आसामात गेलेले वैद्य व निसर्गअभ्यासक जॉन मॅक्लेलंड यांनी १८४५ मध्ये त्याचे वर्णन केले. क्टेनॉप्स प्रजातीत ही एकच जाती आहे.

आसाम, उत्तर बंगाल आणि बांगलादेशातील संथ, वनस्पतींनी भरलेली पाणथळे हे त्याचे घर. तपकिरी रंगाचा हा मासा पाणवनस्पतींच्या आड स्तब्ध राहत असल्याने सहज दिसत नाही. जाळ्यात आला, तरी त्याच पाण्यात विपुल असणाऱ्या इतर गोरामींमध्ये तो मिसळून जातो. या गोरामींना बंगालीत खलिशा म्हणतात.

ओळख पटविताना रंगावर विसंबू नये. अंगावर रुपेरी, तुटक आडवे पट्टे असतात. परंतु मृत्यूनंतर रंग फिकट होतो. शरीराची ठेवण अधिक विश्वसनीय. खलिशाचा पाठीवरचा पर खांद्यापासून जवळजवळ शेपटीपर्यंत पसरलेला असतो. नोबल गोरामीचा हा पर आखूड असून शरीराच्या मध्याच्या मागे असतो. पोटाखालचा गुदपर मात्र लांब असतो. डोके निमुळते, मुस्कट टोकदार आणि लांबी सुमारे १० सेंटिमीटर. पोटाजवळील परांच्या जोडीत एकेक अर धाग्यासारखा लांबलेला असतो.

प्रजननातही तो निराळा आहे. अनेक गोरामी बुडबुड्यांचे घरटे बांधतात. येथे नर अंडी तोंडात धरून सांभाळतो. अंड्यांच्या पृष्ठभागावरील सर्पिल कंगोरे त्याचे आग्नेय आशियातील चॉकलेट गोरामीशी असलेले नाते दर्शवितात. म्हणून गळ्याखालचा भाग फुगलेला मासा आढळल्यास तो हाताळू नये. घाबरून तो अंडी टाकून देण्याचा संभव असतो. पर पसरलेले असताना बाजूने छायाचित्र घ्यावे, ठिकाण नोंदवावे आणि मासा पाण्यातच राहू द्यावा.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत या जातीची गणना संकटसमीप म्हणून झाली आहे. पाणथळे बुजविणे, त्यांतील वनस्पती काढून टाकणे आणि शोभेच्या माशांसाठी होणारी पकड ही तिच्यापुढील संकटे होत. सगळ्या लहान गोरामींची नोंद एकाच नावाखाली झाली, तर एखाद्या बिलातून ही जाती नाहीशी झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पाठीवरच्या आखूड पराकडे टाकलेली एक नजर ही चूक टाळू शकते.