जुन्या ओट्यावर नवा थर : केव्हा योग्य, केव्हा अयोग्य

चतुर्थी दोन-तीन महिन्यांवर आली की गोव्यातील घरांना रंगरंगोटीचे वेध लागतात. भिंतींना रंग दिला जातो, माटोळीची जागा साफ होते आणि मग नजर स्वयंपाकघरातील ओट्यावर स्थिरावते. वीस-पंचवीस वर्षे ज्याने तवे, कढया आणि डबे सोसले, ज्यावर नारळ फुटले आणि मासळी कापली गेली, त्या ओट्याचे तेज केव्हाच गेलेले असते. सांध्यांत काळपटपणा साचलेला असतो, बेसिनच्या कडेला पांढरे डाग पडलेले असतात. तो फोडून नवा बांधावा, तर आठ-दहा दिवस घरभर धूळ आणि चूल बंद. अशा वेळी जुना ओटा न फोडता त्यावरच नवा थर बसवण्याचा पर्याय पुढे येतो. तो सोयीचा आहे आणि अनेक घरांत टिकाऊही ठरला आहे. मात्र थर पृष्ठभाग बदलतो, ओट्याचा आधार बदलत नाही. म्हणून कोणता दगड निवडावा, या प्रश्नाच्या आधी खालचा ओटा धड आहे का, हा प्रश्न सोडवणे आवश्यक असते.

जुना ओटा कशाचा आहे?

आपल्याकडील जुने ओटे बहुधा कडप्पा, शहाबादी फरशी, संगमरवर किंवा ग्रॅनाइट यांचे असतात. काही घरांत काँक्रीटच्या स्लॅबवर पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्स लावलेल्या आढळतात. कडप्पा आंध्र प्रदेशातून येतो, शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून. हे दोन्ही चुनखडीचे दगड असून संगमरवराचा मूळ घटकही तोच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागताच तो विरघळू लागतो. ज्या स्वयंपाकघरात चिंच, सोले, लिंबू आणि व्हिनेगर यांचा रोजचा वावर आहे, तेथे या दगडांचे पॉलिश उडणे अटळ असते. त्या डागांना आपण मळ समजतो, पण तो दगडाचाच झिजलेला भाग असल्यामुळे घासून जात नाही. उलट, आम्लयुक्त सफाई द्रव्याने घासल्यास डाग वाढतो.

ग्रॅनाइटचे तसे नाही. त्यातील क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजे पोलादी सुरीहून कठीण असतात आणि स्वयंपाकातील आम्लांना दाद देत नाहीत. त्यामुळे जुना ग्रॅनाइट निस्तेज दिसत असेल, तर त्यावर बहुधा तेलाचा आणि साबणाचा थर चढलेला असतो. असा ओटा झाकण्यापूर्वी यंत्राने पुन्हा पॉलिश करून पाहावा. कडप्प्यालाही हा उपाय चालतो, फक्त त्याची चमक पुढे जपावी लागते. अनेकदा नव्या थराची गरज येथेच संपते.

आधी तपासणी

पॉलिशने भागणार नसेल, तर थर देण्यापूर्वी चार गोष्टी स्वतः तपासाव्यात.

पहिली, आवाज. नाण्याने किंवा लाकडी हातोडीने ओट्यावर वीतभर अंतराने ठोकत जावे. घट्ट बसलेली लादी भरीव वाजते, सुटलेली पोकळ वाजते. एखाद-दुसरा तुकडा पोकळ असेल तर तो काढून नव्याने बसवता येतो. निम्मा ओटा पोकळ वाजत असेल तर थराचा विचार सोडावा.

दुसरी, तडे. पॉलिशमधील ओरखडा वेगळा आणि आरपार गेलेली भेग वेगळी. आधाराची भिंत खचल्याने किंवा काँक्रीटमधील लोखंड गंजल्याने पडलेली भेग जिवंत असते. तिच्यावर बसवलेला नवा दगडही कालांतराने त्याच रेषेत तडकतो.

तिसरी, खालची बाजू. कपाटे रिकामी करून विजेरीच्या उजेडात ओट्याचा तळ पाहावा. तांबूस डाग, सुटलेला गिलावा किंवा उघडी पडलेली सळई दिसली, तर लोखंड गंजते आहे असे समजावे. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट फोडते. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत हा दोष विशेष आढळतो. लाकडी चौकटीवर ओटा असल्यास वाळवीची पाहणी करावी.

चौथी, गळती. बेसिनला बूच लावून ते काठोकाठ भरावे, अर्धा तास थांबावे आणि मग पाणी एकदम सोडावे. आधी खाली कोरडा कागद पसरून ठेवल्यास कुठे आणि केव्हा थेंब पडला ते कळते. थराखाली दडलेली गळती थांबत नाही. ती दिसायची तेवढी बंद होते, आणि सदनिका असेल तर खालच्या घराच्या छतावर प्रकटते.

वजनाचा हिशेब

दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याचे क्षेत्रफळ २० चौरस फूट, म्हणजे सुमारे १.८६ चौरस मीटर भरते. त्यावर २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट घातला तर जवळपास १०० किलो वजन नव्याने येते. १२ मिलिमीटरच्या पोर्सेलिन पट्ट्यांचे वजन साधारण त्याच्या निम्मे, तर ६ मिलिमीटरच्या पट्ट्यांचे पाव हिश्श्याहून थोडे अधिक असते. वीटकामाच्या आधारावरील जाड स्लॅबला १०० किलो जड नाहीत. परंतु दोन उभ्या कडप्प्यांवर टेकलेल्या एकेरी फरशीला, विशेषतः बेसिनच्या आणि शेगडीच्या खाचेपाशी, हा भार धोकादायक ठरू शकतो. तेथे पातळ थरच निवडावा किंवा मधे आणखी एक आधार द्यावा.

थरांचे प्रकार

*ग्रॅनाइट.* उष्णता, आम्ल आणि ओरखडे या तिन्हींना पुरून उरणारा आणि सर्वत्र मिळणारा दगड. वजन आणि जाडी या त्याच्या मर्यादा.

*पोर्सेलिनच्या मोठ्या पट्ट्या.* सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजल्यामुळे तापलेली कढई थेट ठेवली तरी त्यांच्यावर डाग पडत नाही. ६ ते १२ मिलिमीटर जाडीमुळे जुन्या ओट्यावर बसवण्यास त्या सोयीच्या असतात. दोष एकच, कडा ठिसूळ असतात. ओट्याच्या काठावर नारळ फोडण्याची सवय असलेल्या घराने याचा आधी विचार करावा.

*क्वार्ट्झ.* नावावरून नैसर्गिक दगड वाटला तरी हा कारखान्यात तयार होतो. सुमारे नव्वद टक्के क्वार्ट्झचा चुरा आणि उरलेले राळेसारखे रसायन असे त्याचे स्वरूप असते. हळदीचे आणि तेलाचे डाग त्यात सहसा मुरत नाहीत. मात्र साधारण १५० अंशांपुढे त्यातील रसायनाला इजा होते, आणि भाकरीचा तवा त्याहून कितीतरी तापतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर फिकट रंगाचा क्वार्ट्झ कालांतराने पिवळसर पडतो.

*अॅक्रिलिक.* अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने १९६७ साली विकसित केलेल्या ‘कोरियन’पासून हा प्रकार सुरू झाला. याचे सांधे दिसत नाहीत आणि ओरखडा पॉलिश कागदाने घासून काढता येतो. उष्णतेपुढे मात्र तो दुबळा आहे.

*स्टेनलेस स्टील.* पाणी न पिणाऱ्या प्लायवुडवर पत्रा चिकटवून हा थर तयार होतो. ३०४ प्रतीच्या पत्र्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने त्यावरही चहासारखे तपकिरी डाग पडू शकतात. तेथे मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रत अधिक टिकते. ब्लीचिंगच्या द्रव्याने हा पत्रा पुसू नये.

*चिकटपट्टीचे विनाइल आणि इपॉक्सीचा लेप.* हे सर्वांत स्वस्त उपाय आहेत आणि तितकेच अल्पायुषी. विनाइल तापलेल्या भांड्याखाली आक्रसते, सांध्यांतून पाणी आत शिरते आणि ते आत कुजत राहते. साधा इपॉक्सी उन्हाने पिवळा पडतो व उष्णतेने मऊ होतो. भाड्याच्या घरात किंवा वर्ष-दोन वर्षांची सोय म्हणून ते ठीक आहेत, शेगडीलगत नाहीत.

उंचीचा विचार

थर आणि चिकटद्रव्य मिळून ओटा अर्ध्या ते एक इंचाने वाढतो. उभे राहून काम करणाऱ्याच्या कोपराहून ओटा चार ते सहा इंच खाली असावा, असे सर्वसाधारण मान आहे. ३० इंचांच्या जुन्या ओट्यावर वाकून ज्यांची कंबर भरून येते, त्यांना ही वाढ लाभदायकच ठरेल. पण ओटा मुळातच ३४ इंचांचा आणि रांधणारी व्यक्ती ठेंगणी असेल, तर शेगडीची उंची धरून मोठ्या टोपात डोकावणेही कठीण होते. निर्णयापूर्वी जुन्या ओट्यावर तेवढ्या जाडीची फळी ठेवून दोन दिवस स्वयंपाक करून पाहावा. मोजपट्टी जे सांगत नाही, ते कंबर सांगते.

वाढलेल्या उंचीने खिडकीची चौकट, विजेचे बोर्ड आणि नळ यांची अंतरेही बदलतात. जुने बेसिन बदलायचे असेल तर ते थराच्या आधीच बदलावे, नंतर ते काढताना नव्या दगडाला हात लावावा लागतो. ओट्याच्या दर्शनी कडेला पट्टी लावून जुना आणि नवा असे दोन्ही थर झाकावेत, तथापि पट्टीमुळे कपाटांची दारे अडणार नाहीत हे पाहावे. गॅसची नळी जाण्याचे छिद्र थराखाली बुजू देऊ नये आणि नळी दगडात चिणू नये. पाच वर्षांहून जुनी नळी याच वेळी बदलून घ्यावी. गॅस हवेहून जड असल्यामुळे सिलिंडरच्या कपाटाला तळाशी झडप हवी, ती नव्या पट्टीने बंद होता कामा नये.

काम कसे व्हावे

चकचकीत दगडावर साधे सिमेंट धरत नाही. अर्धवट झालेले बहुतेक थर येथेच फसतात. जुना पृष्ठभाग सोड्याच्या पाण्याने तेलमुक्त करावा, यंत्राने खरवडून खरखरीत करावा आणि पूर्ण वाळू द्यावा. मग पॉलिमरयुक्त किंवा इपॉक्सी चिकटद्रव्य दातेरी थापीने सलग पसरावे. चार कोपऱ्यांत आणि मधोमध गोळे टाकून दगड टेकवण्याची पद्धत टाळावी, कारण त्यामुळे खाली पोकळी राहते आणि जड भांडे आदळताच दगड फुटतो. टाइलच्या चिकटद्रव्यासाठी भारतीय मानक आयएस १५४७७ आहे. पिशवीवर ते नमूद आहे का, हे ग्राहकाने वाचावे. पाणसळ लावून उतार किंचित बेसिनकडे ठेवावा. भिंतीलगतची फट सिमेंटने न भरता सिलिकॉनने भरावी. सिलिकॉन सुकेपर्यंत किमान एक दिवस पाणी लागू देऊ नये.

ऋतूही महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात जुन्या दगडाच्या सांध्यांतील ओल सुकत नाही, प्लायवुड फुगते आणि चिकटद्रव्याला धरायला वेळ लागतो. चतुर्थी नेमकी पावसाळ्यातच येत असल्यामुळे सणाच्या तोंडावर घाईने उरकलेला ओटा पुढच्या मे महिन्यात सुटू लागतो. शक्यतो नोव्हेंबर ते मे या काळात काम करून घ्यावे.

धूळ कोणाच्या छातीत?

न फोडल्यामुळे धूळ टळते, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. तरी बेसिन आणि शेगडीच्या खाचा कापाव्याच लागतात. ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ कोरडे कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांनी सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग होतो आणि झालेली हानी भरून निघत नाही. क्वार्ट्झमध्ये हे प्रमाण इतके अधिक असते, की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे तशी बंदी नाही. म्हणून खाचा दुकानातच, पाण्याच्या धारेखाली कापून आणाव्यात. घरी कापणे अपरिहार्य असेल तर उघड्यावर, पाणी सोडून आणि कारागिराला योग्य मुखपट्टी देऊन कापावे. नाकाला रुमाल बांधणे त्याला पुरेसे नसते.

केव्हा नको म्हणावे

स्लॅबचे लोखंड गंजलेले, भेग जिवंत, गळती न सापडलेली किंवा आधार खचलेला असेल, तर ओटा फोडणेच स्वस्त पडते. थराचा खर्च आणि पुढे तो काढण्याचा खर्च असे दोन्ही तेव्हा वाचतात. गवंडी किंवा दुकानदार तपासणी न करताच दर सांगू लागला, तर त्याला आधी ओट्याखालची कपाटे उघडून पाहायला लावावे. त्याने खाली वाकून तळ पाहिल्यानंतर सांगितलेला दरच विचारात घ्यावा.