उघड मोबदला, चोरटा मोबदला

न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधील दाटीवाटीच्या वस्तीत, रशियातून आलेल्या एका ज्यू कुटुंबात 1896 साली नॅट होल्मन यांचा जन्म झाला. त्यांच्या उमेदीच्या काळात धंदेवाईक बास्केटबॉल नाचघरांतून, अनेकदा मैदानाभोवती तारेची जाळी लावून खेळला जाई. खेळाडू सामन्यागणिक पैसे घेत आणि आज या संघाकडून, उद्या त्या संघाकडून उतरत. 1920 च्या दशकात ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ संघाने खेळाडूंशी हंगामभराचे करार केले. तेच गडी रोज एकत्र खेळू लागल्यावर धसमुसळेपणा मागे पडला आणि झटपट पासांचा, एकमेकांची चाल ओळखणारा खेळ आकाराला आला. होल्मन हे त्या खेळाचे सूत्रधार होते.

याच काळात ते सिटी कॉलेजचे प्रशिक्षकही होते. ती जबाबदारी त्यांनी 1919 मध्येच घेतली होती. या कॉलेजात फी नव्हती, त्यामुळे स्थलांतरितांची हुशार पण गरीब मुले तिथे येत. स्वतः मोबदला घेऊन खेळणारे होल्मन त्यांना विनामोबदला खेळायला शिकवत होते.

1950 मध्ये त्यांच्या संघाने एनआयटी आणि एनसीएए या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा एकाच हंगामात जिंकल्या. दोन्ही अंतिम सामने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाले आणि दोन्हींत ब्रॅडली विद्यापीठाचा संघ हरला. हा पराक्रम आजवर दुसऱ्या कोणालाही साधलेला नाही.

फेब्रुवारी 1951 मध्ये याच संघातील खेळाडूंना अटक झाली. सट्टा सामन्यातील गुणांच्या फरकावर लागे. सट्टेबाजांकडून पैसे घेऊन हा फरक हवा तसा राखायचा, असा हा व्यवहार. सामना जिंकूनही तो विकता येई. तिकीटविक्रीवर गार्डन कमावत होते, नाव कॉलेजला मिळत होते; घामाचा दाम मात्र मुलांना चोरवाटेनेच मिळाला. त्याने अपराध पुसला जात नाही, पण तो कोणत्या जमिनीत रुजला ते कळते.

होल्मन यांना 1952 मध्ये निलंबित करण्यात आले. अपिलानंतर 1954 मध्ये ते पुन्हा रुजू झाले आणि 1960 मध्ये निवृत्त झाले. कॉलेजने मात्र मोठ्या स्पर्धांतून अंग काढून घेतले.

अटक झालेल्यांत फ्लॉइड लेन होता. 1974 मध्ये त्याच सिटी कॉलेजने त्याला प्रशिक्षक नेमले. होल्मन 98 वर्षे जगले. आपल्या जुन्या जागेवर आपलाच डागाळलेला विद्यार्थी उभा राहिलेला त्यांच्या हयातीतच घडले.